आमच्या दारची आशाताई

शिकलेल्या घरांत एक सूक्ष्म अहंकार नकळत वास करीत असतो. आपणांस कोणी शिकवावयाचें तर तो पदवीधर असावा, निदान आपल्याहून वरचढ तरी असावा, असें आपण गृहीतच धरतों. माझ्या या समजुतीस गेल्या पौषांत आमच्या वसईच्या घरीं चांगलाच धक्का बसला.

थंडीचे दिवस होते. धाकट्या सूनबाईंना बाळंत होऊन तिसरा दिवस होता. आदल्याच दिवशीं त्या घरीं आल्या होत्या. सकाळीं आशाताई दारीं आली. तिची आई पूर्वीं आमच्याकडे धुणेंभांडें करी. मीं तिला पडवींतच बसविलें आणि म्हटलें, “अगं, आमच्याकडे सगळे शिकलेले आहेत. जेथें गरज असेल तेथें जा.” ती शांतपणें म्हणाली, “आजी, बाळाला एकदां पाहूं द्या, मग जाते.”

नातू नुकताच न्हाऊन पाळण्यांत निजला होता. थोरल्या जाऊबाईंनीं रिवाजाप्रमाणें त्याला मध चाटविला होता. आशाताईनें साबणानें हात धुतले, घड्याळाकडे पाहून पुरें एक मिनिट बाळाचे श्वास मोजले, काखेंत थर्मामीटर धरला. श्वास ठीक होते; परंतु अंग गार होतें. आंकडा 96च्या वर जाईना. तिनें बाळाला उघड्या छातीशीं कसें धरावें तें सूनबाईंना दाखविलें, वरून शाल पांघरली, टोपडें घातलें. “मध नको, घुटी नको, फक्त आईचें दूध, आणि आंघोळीची घाई नको,” असें ती म्हणाली तेव्हां जाऊबाईंच्या कपाळाला आठी पडली. पण तासाभरांत बाळाचीं पावलें ऊबदार झालीं आणि तें दूध ओढूं लागलें.

ही विद्या हिला कोणीं दिली, हा विचार मनांतून जाईना. शोध घेतां कळलें तें असें. 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड या दुष्काळी गांवीं येऊन राहिलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. त्या तेथें रुजल्या नाहींत. मग गांवांनींच आपल्यांतील एक बाई निवडावी असें ठरलें. निवडलेल्या बहुतेक बाया निरक्षर, कित्येक दलित समाजांतील. त्या जामखेडला जाऊन शिकत आणि गांवीं परतून शिकवीत. ज्यांचा विटाळ मानला जाई त्यांच्याच हातीं वरच्या आळींतल्या लेकीसुनांचीं बाळंतपणें आलीं.

पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 1986 सालीं ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यांतील बायांना त्यांनीं नवजात अर्भकाचे श्वास मोजणें, त्याला ऊब देणें, प्रसंगीं इंजेक्शन देणेंही शिकविलें. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेच्या गांवांशीं पाहतां, 62 टक्क्यांनीं घटले. 1999 सालीं हें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. 2005 सालीं देशांत आशा नेमण्यास आरंभ झाला आणि 2011 पासून घरोघर नवजात बाळ पाहण्याचें काम त्यांच्याकडे आलें.

औषध देणारे डॉक्टर पुष्कळ असतात. आपली विद्या दुसऱ्याच्या हातीं विश्वासानें देणारे थोडे. आमच्या घरापासून रुग्णालय हांकेच्या अंतरावर आहे; पण पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराकडील पारोळ-भाताण्याच्या पाड्यांवरील बाळंतिणीला तें तितकें जवळ नाहीं. तेथें अशा बाईचें घड्याळ हाच पहिला आधार. आणि आमच्यासारख्या घरांत सोयी असूनही बाळ गारठलेलेंच होतें!

सातव्या दिवशीं ती पुन्हां आली. तिच्या आईसाठीं आमच्या फडताळांत एक निराळा कप असे. इतकीं वर्षें तो तेथेंच होता. आम्हां कोणालाच तो खटकला नव्हता. मीं तो काढून टाकला, तिला माजघरांत बोलाविलें आणि आमच्याच कपांत चहा दिला. तिनें कांहींच म्हटलें नाहीं. चहा संपवून हात धुतले आणि बाळाजवळ बसली. ती श्वास मोजूं लागली, आणि शेजारीं बसून मीही मनांत मोजूं लागलें.