चारशे अकरा आणि चारशे बावन्न

माझी हिमालयन मोटरसायकल जुनी, ४११ सीसीची. पुतण्याची नवी, ४५२ सीसीची, पण तिला सगळे '४५०'च म्हणतात. दोन्ही दारात उभ्या दिसल्या की येणारा-जाणारा विचारतो, यातली बरी कोणती? चंद्रपुरात राहून माझं उत्तर असं: आलापल्लीच्या अलीकडे नवी, पलीकडे जुनी. ही रेघ मात्र दरवर्षी थोडी थोडी आत सरकते आहे.

•

आकडे आधी उरकून घेतो. जुनी मार्च २०१६ ला आली. साडेचोवीस अश्वशक्ती, ३२ न्यूटन-मीटर टॉर्क, पाच गिअर, १५ लिटरची टाकी. नवी आली नोव्हेंबर २०२३ मध्ये. चाळिसाच्या आसपास अश्वशक्ती, ४० न्यूटन-मीटर, सहा गिअर, १७ लिटरची टाकी. वजन मात्र जवळपास तेवढंच: जुनी बीएस-सहा झाल्यावर १९९ किलोंवर गेली, नवी १९६. ताकद दीडपटीच्या वर गेली आणि वजन उलट तीन किलोंनी उतरलं. जुनी सुरुवातीला दीड लाखाच्या थोड्या वर मिळत होती, नवी २ लाख ६९ हजारांपासून सुरू झाली.

पुतण्या हे आकडे पाठ म्हणून दाखवतो. मला त्यातल्या एका जोडीत जास्त रस आहे, आणि ती तो कधी सांगत नाही. जुन्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६. नव्यात व्यास ८४, धाव ८१.५. जुन्याची धाव व्यासापेक्षा लांब, नव्याची आखूड. लांब धावेचं इंजिन कमी फेऱ्यांत ओढतं. जुनीचा पुरा टॉर्क चार-साडेचार हजार फेऱ्यांवर हाती येतो, नवीचा साडेपाच हजारांवर. नाल्याच्या वाळूत दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न चिमटता, धानाच्या चिखलातून हेल्या चालतो तशी जुनी निघून येते. नवीला तिथे पिळावं लागतं. पिळल्यावर ती येते, चांगली येते, पण वाळूत पिळायला छाती लागते.

•

चंद्रपूर–मूल रस्ता. लोहारा, घंटाचौकी, अजयपूर, चिचपल्ली, केळझर. डांबर उत्तम, दोन्ही बाजूंनी जंगल. इथे वेगाची परीक्षा घ्यायचीच नाही. संध्याकाळी रोही आडवा येतो, रानडुकरांची रांग येते, आणि कधी कधी ज्याच्यासाठी लोक मोहर्लीच्या गेटवर पैसे भरून जिप्सीत बसतात तो फुकटात रस्ता ओलांडतो. ताडोब्याच्या आत दुचाकीला प्रवेश नाही, पण वाघाला बाहेर यायला कुठे मनाई आहे.

या रस्त्यावर नवीचा एलईडी दिवा बघितला की माझ्या दिव्याची लाज वाटते. तिचा पांढरा झोत रस्त्याच्या कडेपर्यंत पसरतो, गवतातले डोळे चमकतात. माझा साधा हॅलोजन समोरचा पट्टा पिवळा करून थांबतो. मार्च-एप्रिलात पहाटे लोक मोहफुलं वेचायला निघतात, झाडाखालचा पाला जाळलेला असतो, त्याचा धूर रस्त्यावर उतरतो. त्या धुरात आणि पावसात मात्र पिवळा प्रकाश डोळ्यांवर उलटत नाही. शिवाय माझा बल्ब गेला तर गोंडपिपरीच्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात दुसरा मिळतो. एलईडी गेला तर अख्खा दिवाच बदलायचा.

तरी रात्री मूलहून यायचं असेल तर मी पुतण्याच्या मागे माझी गाडी ठेवतो.

•

पंक्चर.

जुनीला ट्यूब आहे, पुढचं चाक २१ इंची. पंक्चर झालं की चाक उतरवा, टायर सोडवा, ट्यूब ओढा. चिचपल्लीच्या दुकानात हे काम पोरगं हसत-हसत करतं. घंटाचौकीच्या वळणावर तुम्हाला स्वतःला करायचं असेल तर निम्मं लक्ष मागच्या बांबूंकडे राहतं. नवीला २०२४ पासून ट्यूबलेस टायर चालणारी आऱ्यांची चाकं घेता येतात. पुतण्यानं ती घेतली. चाक न काढता बाहेरून पट्टी ठोकायची, छोट्या पंपानं हवा भरायची, निघायचं. नवीची माझ्या मते सगळ्यात मोठी सुधारणा हीच. चाळीस अश्वशक्तीपेक्षा मोठी. ती मूळ किमतीत नाही, वर पैसे द्यावे लागतात, हे गंमतीचं आहे.

•

मे महिना. पारा ४५-४६ वर. जटपुरा गेटच्या कोंडीत दोन्ही गाड्या उभ्या. माझी हवेवर आणि तेलावर थंड होते. म्हणजे उभी असताना होतच नाही, मांडीला चटका देते आणि इंजिनचा आवाज बदलतो. नवीला रेडिएटर आणि पंखा. इंजिनला काही होत नाही, पण पंखा सुरू झाला की भट्टीचं दार उघडावं तशी हवा नडगीवर येते. एकीचं इंजिन तापतं, दुसरीचा मालक. मे महिन्यात शहाणा माणूस दुपारी यातलं काहीच काढत नाही.

घुग्घुस, दुर्गापूर, पडोली या बाजूला रोज जायचं असेल तर एअर फिल्टरवर पुस्तकात लिहिलेलं अंतर विसरावं. कोळशाची धूळ जुनं-नवं बघत नाही.

•

चंद्रपूरहून आलापल्लीला जायचं तर बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टी. आष्टीच्या पुढे रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. २०२१ पासून सुरजागडचं लोहखनिज जोमानं बाहेर निघू लागलं आणि या पट्ट्यात डांबर टिकेनासं झालं. खड्डा, त्यावर गिट्टी, त्यावर लाल धूळ, पुढे पुन्हा खड्डा. दुरुस्ती होते, पाऊस येतो, पुन्हा तेच.

इथे नवीनं मला गप्प केलं. जुनीच्या पुढच्या शॉकॲबसॉर्बरला २०० मिलिमीटर आणि मागच्याला १८० मिलिमीटर चाल आहे. नवीला दोन्हीकडे २००, आणि पुढचे फोर्क उलटे, जाड. कागदावर फरक वीस मिलिमीटरचा. पाठीला तो आष्टी ते आलापल्ली प्रत्येक किलोमीटरवर कळतो. ट्रक ओलांडतानाही नवीच बरी: तिसऱ्यात टाकलं, पिळलं, धुळीच्या ढगातून बाहेर. माझीला आधी विचार करावा लागतो, आणि तिचा विचार होईपर्यंत समोरून दुसरा ट्रक आलेला असतो.

नवीच्या रंगांना हिमालयातली नावं आहेत: काझा ब्राऊन, हानले ब्लॅक, कामेत व्हाईट. आलापल्लीला पोचेपर्यंत सगळ्यांचा रंग सुरजागड.

•

आलापल्ली म्हणजे सागवान. 'वनवैभव' म्हणतात ते राखून ठेवलेलं जुनं जंगल, लाकडाचा डेपो, चौकात चहा, आणि चौकापासून जवळच एक मिस्त्री. राजदूतपासून सगळं हाताखालून गेलेलं. माझ्या गाडीचे टॅपेट त्यानं झाडाखाली बसून जुळवले: झाकण उघडलं, पातं सरकवलं, स्क्रू फिरवला, नट कसला. दोन पाने, एक फीलर गेज. नवीच्या इंजिनात वर दोन कॅमशाफ्ट आहेत, थ्रॉटलची तार नाही, मुठीपासून इंजिनपर्यंत विजेचा संदेश जातो. मिस्त्रीनं पुतण्याच्या गाडीभोवती एक फेरी मारली, हात पुसले आणि म्हणाला, "हिले आपन काय करनार गा? धुऊन देतो पाह्यजे तं."

पुतण्याचं म्हणणं, ती बिघडतच नाही तर मिस्त्री कशाला? बरोबर आहे. नवी यंत्रं बिघडतात कमी. पण बिघडली की सरळ टेम्पोत घालावी लागतात. जुनी वारंवार कुरकुरते आणि तिथल्या तिथे गप्प होते. कुठला स्वभाव परवडतो हे टेम्पो किती लांबून यायचा आहे त्यावर.

•

आमच्या घरी हा वाद नवा नाही. काका लाकडाच्या ठेक्यावर होते, त्यांच्याकडे ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. किक मारायच्या आधी अँमीटरची सुई मधोमध आणायची, मग डीकॉम्प्रेसर सोडायचा. १९५५ पासून मद्रासमध्ये बनत आलेली ही गाडी. बटण-स्टार्टवाल्या, डाव्या गिअरच्या बुलेट आल्या तेव्हा काका म्हणाले होते, यात राम नाही. ते आज असते तर माझ्या ४११ कडे, जी मी 'साधी जुनी गाडी' म्हणून मिरवतो, बघून काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. डिझेलची बुलेटही याच रस्त्यांवर हिंडलेली. साडेसहा अश्वशक्ती. चढाला सायकलवाला सोबतीला असायचा.

•

आलापल्लीहून भामरागडकडे. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा. इथून पुढे नवीच्या गोल पडद्यावर गुगलचा नकाशा असतो आणि नसतो. फोनला रेंज आहे तोवर सुंदर, मग बाण एका जागी खिळतो. आधी उतरवून घेतलेला नकाशाही इथल्या पायवाटांना ओळखत नाही. मोटरसायकल जाते अशी निम्मी वाट त्यात नसतेच. मग थांबायचं, गाडी बंद करायची, विचारायचं. विचारणारा मराठीत, सांगणारा माडियात, हात मात्र एकाच दिशेला जातो. सिरोंच्याच्या बाजूला तेलुगूत.

पावसाळ्यात हा हिशेब बदलतो. हेमलकसा अलीकडे, भामरागड पलीकडे आणि मध्ये पर्लकोटा. पूर आला की बुटका पूल पाण्याखाली आणि भामरागड जगापासून तुटलेलं. उंच पुलाचं काम म्हणूनच हाती घेतलं गेलं. आत अजून अशी गावं आहेत जिथे मोटरसायकल डोंग्यातून नदी ओलांडते. शंभर सीसीची गाडी दोघं उचलून डोंग्यात घालतात. दोनशे किलोंची हिमालयन, जुनी असो वा नवी, दाखवली की डोंगेवाला आधी गाडीकडे आणि मग नदीकडे बघतो.

•

कपड्यांचंही लिहून ठेवतो. फौजी छापाचं जॅकेट किंवा ठिपकेदार पँट घालून एटापल्ली, भामरागडच्या आत जाऊ नये. २०१८ मध्ये माझ्याच मॉडेलचा एक पांढरा-करडा, छलावरणासारखा रंग निघाला होता, बर्फात शोभेल असा. इथल्या लोकांनी तसल्या कपड्यांतली, पोलीस आणि नक्षलवादी अशी दोन्ही बाजूंची माणसं खूप वर्षं पाहिलेली आहेत. साधा शर्ट, उघडा चेहरा, पोलीस ठाण्यापाशी थांबून कुठून कुठे ते सांगणं, हे शॉकॲबसॉर्बरपेक्षा जास्त कामाला येतं.

आता बाहेरच्या पासिंगच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. पूर्वी एमएच-३३ आणि एमएच-३४ सोडून तिसरं काही दिसलं की लोक मान वळवून बघत. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा–वांगेतुरी रस्त्यावर पहिल्यांदा एसटी धावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीनं गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. रस्ते वाढतील, टॉवर उभे राहतील, मग नवीचा नकाशा बोलू लागेल. जुनीचे जे गुण मी गातो आहे ते सगळे वाईट रस्त्याचे आणि दूरच्या मिस्त्रीचे आहेत. रस्ते वाईटच राहावेत असं मी म्हणू शकत नाही. वांगेतुरीच्या बाईला दवाखान्यात जायचं असतं, तिच्या मार्गात माझा छंद यायचं कारण नाही.

•

पेट्रोल. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं. नवी त्यासाठीच बनलेली आहे. माझीच्या वेळी हा विचार नव्हता. रबराच्या नळ्या आणि वॉशरकडे लक्ष ठेवायचं, सरासरी थोडी घटली तर नवल मानायचं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी गच्च भरून. आलापल्लीच्या पुढे किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं. ते किती दिवसांचं हे विचारायचं नसतं, फडक्यातून गाळून घ्यायचं.

सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के जीएसटी, त्यावर ४०. म्हणजे बुलेट स्वस्त झाली, हिमालयन महाग. पुतण्यानं त्याआधी घेतली, त्यामुळे तो सध्या अर्थतज्ज्ञासारखा बोलतो.

•

खरं बघायचं तर चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांची टूरिंग मोटरसायकल हिमालयन नव्हेच. ती स्प्लेंडर. वनरक्षक, ग्रामसेवक, आश्रमशाळेचे शिक्षक, तेंदूच्या फळीवरचा मुन्शी, सगळे तीवरच. मागे बायको, मध्ये पोरगं, हँडलला तांदळाची पिशवी आणि दिवसाला शंभर किलोमीटर. शॉकॲबसॉर्बरची चाल किती, ते कुणी मोजलेलं नाही.

भामरागडच्या पुढच्या एका आश्रमशाळेतले सर मला म्हणाले, सेकंडहँड ४११ मिळते आहे, घेऊ का? मी त्यांना सगळं सांगितलं: वजन, डोंगा, सुट्या भागांसाठी चंद्रपूर नाहीतर नागपूर, लिटरला स्प्लेंडरच्या निम्म्याहून कमी. घेऊ नका म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ते समदं बरोबर हाये भाऊ. पन गाडी म्हून कशी हाये?"