शिक्षा : इकडची आणि तिकडची

ग्वाल्हेरच्या हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना एका शब्दाची गंमत ठाऊक आहे. येथे 'शिक्षा' म्हणजे विद्या. आणि घरात मुलाला 'शिक्षा करीन' म्हटले की तो कान धरून उभा राहतो. शाळेत उभा जन्म गेल्यामुळे आम्हांला वाटते, हे दोन्ही अर्थ एकत्र नांदावेत असे एक स्थळ आहे, आणि ते म्हणजे तुरुंग.

दहा-बारा वर्षे ज्याने स्वतःच्या हाताने दार उघडले नाही, कधी उठावे, काय खावे हे ज्याच्या वतीने इतरांनीच ठरवले, त्याला एके सकाळी फाटकाबाहेर काढून 'जा' म्हटल्याने तो मोकळा होतो काय? सांगितलेले निमूट करणे ही एक सवय. आपले आपण ठरवणे ही दुसरी. पहिली अंगी बाणली म्हणून दुसरी आपोआप येत नाही, हे आम्ही वर्गात रोज पाहतो. ती सुटकेपूर्वीच लावावी लागते.

हा विचार मराठी मातीत फार पूर्वी रुजला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. उंच भिंती नाहीत. कसायला जमीन, आणि बायकामुलांसह राहण्याची मुभा. माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. चित्रपट घरोघर पोहोचला. स्वतंत्रपूर मात्र पुष्कळांना ठाऊक नाही.

आम्हां ग्वाल्हेरकरांच्या तर शेजारीच या विचाराची परीक्षा झाली. एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत चंबळच्या बागींनी शस्त्रे खाली ठेवली. पुढच्याच वर्षी मुंगावली येथे त्यांच्यासाठी खुला तुरुंग निघाला. ज्यांच्या नावाने गावे दिवेलागणीलाच कड्या लावून घेत, त्यांच्या हाती शेतीची अवजारे आली. त्यांतले मोहरसिंह शिक्षा भोगून आल्यावर पुढे मेहगाव नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

जयपूरजवळच्या सांगानेर येथील १९६३ सालच्या बंदी शिबिराची रीत आणखी बोलकी आहे. राज्यपाल संपूर्णानंद यांचे नाव त्यास दिलेले आहे. तेथे कैदी आपल्या कुटुंबासह लहानशा घरात राहतो, सकाळी गावात कामाला जातो, स्वतःच्या कमाईवर संसार चालवतो आणि सायंकाळी हजेरीला परततो. मालकाशी मजुरी ठरवणे, महिनाअखेरीस पैसे पुरवणे, मुलाच्या आजारपणात रात्र काढणे, बायकोशी झालेला तंटा हात न उगारता मिटवणे, हे सारे धडे तो कैदी असतानाच गिरवतो. पाऊल घसरलेच तर सावरायला वेळ असतो.

ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचे दुःख यात विसरले जाते, असे कोणी म्हणेल. ते दुःख मोठेच आहे. तरीही जन्मठेपेचा कैदीसुद्धा बहुधा एक दिवस परततो, तोही आपल्याच गल्लीत. तो कसा परतावा, यात आपल्या मुलाबाळांचेही हित गुंतलेले आहे.

आणि येथेच आपला भाग सुरू होतो. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी एखाद्या माउलीची लेखणी अडखळते. नवरा नुकताच सुटून आलेला असतो. 'सध्या काय काम करतात?' एवढेच आम्ही विचारतो. 'सुतारकाम' असे ती हलकेच सांगते आणि तेच लिहिले जाते. पोराच्या दप्तरात बापाचा जुना निकाल घालण्याचे शाळेला कारण नाही.

तुरुंगाने सुतारकाम शिकवले, पण गावात कोणी दार करायला दिले नाही, तर ते शिक्षण वाया जाते. आपल्यापैकी कोणाची दुकाने आहेत, कोणाचे कारखाने, कोणाची भाड्याने द्यायची खोली. असा कोणी दारी आला तर नीट चौकशी जरूर करावी. पण त्याच्या हातचे काम पाहिल्यावाचून त्याला परत पाठवू नये.