मेंदूतलं मीठ

एप्रिल-मेमध्ये कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यात अंग भाजणारा रुग्ण आला, की आधी ठरवावं लागतं: ताप आहे की ऊन बाधलंय? थर्मामीटर दोन्हीकडे चढतो. तापात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने शरीराच्या तापमानाची पातळीच वर सरकवलेली असते, म्हणून हुडहुडी भरते आणि पॅरासिटामॉल लागू पडतं. उष्माघातात पातळी जागेवरच असते, उष्णता बाहेर टाकणं मात्र जमेनासं होतं. तिथे गोळीचा उपयोग शून्य, अंग ओलं करून वारा घालायचा.

ही पातळी ठरते कशावर? 1970च्या सुमारास फेल्डबर्ग, मायर्स आणि व्हील या संशोधकांनी मांजरांना भूल न देता त्यांच्या मेंदूत क्षारांची द्रावणं फिरवली. सोडियम वाढलं की मांजर तापायचं, कॅल्शियम वाढलं की गार पडायचं. या दोन क्षारांच्या प्रमाणावरच पातळी ठरते, असं मायर्स मांडू लागले. यावर आक्षेप असा की कॅल्शियम कुठल्याही चेतापेशीला शांत करतं. मग यातून नियम दिसला की नुसती ढवळाढवळ? मला हा आक्षेप पटतो. शिवाय रक्तातले क्षार मेंदूत सहजी शिरत नाहीत. दूध पिऊन कुणाचा ताप उतरलेला नाही. तरीही क्षार सोडून देता येत नाहीत. पाणी कमी पडून रक्तातलं सोडियम चढलं, की मेंदूतल्या तहान ओळखणाऱ्या पेशींना ते लगेच कळतं आणि घाम सुटायला अंग आणखी तापावं लागतं. पाणी वाचवायचं म्हणून मेंदू उष्णता सोसतो.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, मग तो लवकर सुटून काय फायदा, असं कुणी विचारेल. पूर्ण वाळत नाही हे खरं. पण जेवढा वाळतो तेवढाच आधार असतो, आणि पाणी कमी असलं की कातडीकडे जाणारं रक्तही आटतं. याच दमट पट्ट्यात, खारघरला, 16 एप्रिल 2023च्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर 14 जण दगावले. स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी न पिता लोकलने जाणाऱ्या बायका उन्हात उतरण्याआधीच उष्माघाताच्या अर्ध्या वाटेवर असतात. ही तूट भरायला घेतलं जाणारं ओआरएसचं 20.5 ग्रॅमचं पाकीट लिटरभर पाण्यासाठी असतं. ते अख्खं एका ग्लासात ढवळलं तर सोडियम पाचपट होतं, म्हणजे ज्याने घाम लांबतो तेच आपण पाजतो. आधी पाच ग्लास पाणी मोजून घ्यावं, मग पाकीट फोडावं.