चाकांवरचे बिऱ्हाड

घर बांधायचे असते, बिऱ्हाड हलवायचे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) ते गाढवाच्या पाठीवर असते. कॅलिफोर्नियात आम्ही उभयतांनी ते सहा दिवसांसाठी भाड्याने घेतले: शेगडी, पलंग, पाण्याची टाकी आणि खाली चाके. तिकडे त्याला मोटरहोम म्हणतात.

मॉन्टेरेच्या दक्षिणेला 'हायवे वन' हा रस्ता पॅसिफिकच्या कडेने डोंगर कोरून नेला आहे. १९३२ साली बांधलेल्या बिक्सबी पुलावरही माझे लक्ष समुद्रापेक्षा मागे वाजणाऱ्या भांड्यांकडेच. सौ. म्हणाली, "अहो, आपण तर गाडीलोहार झालो!" हे काही खरे नव्हते. आमच्या मेहकरकडे पेरणीच्या आधी गाडीलोहार रस्त्याकडेला उतरत. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरी, बायको घण घाली. दोघांत शब्द नसे आणि ठोका चुकत नसे. आमचे नकाशावरूनही एकमत होईना.

रात्री थांबायची जागा आधीच राखून ठेवलेली, पावतीसह. भटकणाऱ्या कितीतरी जमातींना इंग्रजांनी १८७१ पासून कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला. गावाबाहेरच्या पालाकडे पाहणारी नजर राहिली. पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, ही तक्रार मी अशा पालांवर ऐकली आहे.

शेजारच्या मोटरहोममधले वृद्ध जोडपे घर विकून कायमचेच निघाले होते. सौ.ने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की मग तुमची पत्रे कुठे येतात?

मुलीच्या पत्त्यावर, ते म्हणाले.