जात्याची घरघर

आमच्या मायच्या ओव्यांची एकच कॅसेट घरात होती. 1994 साली, नोकरीला लागल्यावर घेतलेल्या टू-इन-वनवर मी ती भरली होती. गावात पिठाची गिरणी आलेली होती, पण मायला जात्यावरच्या पिठाचीच भाकर गोड लागे. झुंजूमुंजू व्हायच्या आत ती ज्वारीचे सूप घेऊन जात्यावर बसे. मी टेप उंबऱ्यावर ठेवला, बटण दाबले आणि गुपचूप खाटेवर जाऊन पडलो. तिला कळले असते तर ती गायलीच नसती.

माय 2009 साली गेली. कॅसेट ट्रंकेत पडून राहिली. मागच्या दिवाळीत थोरली बहीण, आमची आक्का, म्हणाली, “मायचा आवाज एकदा ऐकव रे.” कॅसेट काढली, तर फितीला दाबून धरणारा फेल्टचा बारीक तुकडा गळून पडला होता. फितीवर बुरशीचे ठिपके दिसत होते. माझ्या पोटात धस्स झाले.

पुतण्याने परभणीत घराच्या वरच्या खोलीत गाण्यांचा स्टुडिओ थाटला आहे. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक संगणक, दोन स्पीकर, एक हेडफोन आणि भिंतींना टांगलेल्या जाड वाकळी. आजीने शिवलेल्या वाकळी भिंतीला लावल्या म्हणून घरात थोडी कुरबुर झाली, पण आवाज घुमू नये म्हणून त्या फार कामाच्या. लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्यांचा फारसा उपयोग होत नाही, असे तो सांगतो. आसपासची भजनी मंडळे, गोंधळी, भीमगीते गाणारी पोरे त्याच्याकडे गाणी करून घेतात. त्याने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, फीत हलक्या हाताने पुसली, दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात गुंडाळली आणि मग वाजवून संगणकात भरून घेतली. “काका, ही मूळ प्रत. हिला मी हात लावणार नाही. जे काही करायचे ते नकलेवर,” तो म्हणाला. मातीचा नमुना घेताना शेतकऱ्याला मी जे बजावतो, त्याच सुरात.

या कामाला मास्टरिंग म्हणतात. गाणे रेकॉर्ड झाले, वाद्ये आणि गळा यांचे प्रमाण जुळले, की शेवटचा हात फिरवायचा तो हा. नाव ग्रामोफोनच्या काळातले. तेव्हा मूळ तबकडी कापावी लागे आणि तिच्यावरून पुढच्या हजारो तबकड्या निघत. ढोलकीचा खर्ज जास्त झाला तर सुई खाचेतून उडायची. म्हणून कापणारा कारागीर आधी आवाज आवरून घेई. आता ते काम प्लग-इन करतात. प्लग-इन समजायला आपल्याकडे सोपे आहे. ट्रॅक्टर एकच, पण मागे नांगर जोडा, रोटाव्हेटर जोडा, पेरणीयंत्र जोडा. संगणकातले मुख्य सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॅक्टर आणि प्लग-इन म्हणजे औजारे. काही फुकट मिळतात, काहींची किंमत ऐकून बैलजोडी आठवते.

मी त्याच्या शेजारी बसलो आणि इथे चूक केली. मी म्हणालो, “सगळी घरघर काढून टाक. नुसता मायचा आवाज राहू दे. आणि मोठा कर.” तो म्हणाला, “काका, बघा बरं.” मी काका असल्यामुळे त्याने ऐकले.

पहिल्यांदा विजेची गुणगुण काढली. आपल्या घरातल्या विजेची 50 कंपने, तिच्या पटीतली 100 आणि 150. ही बारीक पट्टी कापली तर फारसे काही बिघडत नाही. मग फितीची सळसळ. जिथे कुणी गात नाही असा दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, प्लग-इनला सांगायचे की हा कचरा ओळख, आणि तो तेवढाच सगळीकडून वजा करतो. सळसळ एकसारखी असते, म्हणून हे जमते. पण जाते एकसारखे नसते. खुंटा आपल्याकडे आला की आवाज जड, पलीकडे गेला की हलका. वैरण घातली की घटकाभर वेगळाच. शिवाय त्या घरघरीत आणि मायच्या आवाजात कितीतरी कंपने सामाईक. प्लग-इनने जाते काढता काढता मायचे शब्दही कुरतडले. राहिला तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा. त्यावर मी आवाज मोठा करायला लावला. लिमिटर नावाचे औजार बांधासारखे असते, ठराविक पातळीवर पाणी जाऊ देत नाही. मागून दाब वाढवत नेला की सगळेच बांधापर्यंत भरते. माय कुठे हळू म्हणाली, कुठे दम घेतला, ते सगळे सपाट झाले.

ते आक्काला मोबाईलवर पाठवले. तिचा फोन आला. “कोण गातंय हे? ही आपली माय नाही.”

कपाशीवर किडीची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली की नाही हे न मोजता फवारणी करू नका, मित्रकीटक मरतात, हे मी तीस वर्षे गावोगाव सांगत आलो. घरच्या कॅसेटवर मात्र डोळे झाकून पंप चालवला.

पुतण्याने काही बोलून दाखवले नाही. त्याने एक वेगळेच रेकॉर्डिंग लावले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने बऱ्याच ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि 2017 पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या लोकांपुढे आणत आहे. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. त्यांचा आवाज ऐकत बसलो. ऐकताना ‘साफ कर’ असे एकदाही माझ्या तोंडून निघाले नाही.

मग त्याने मूळ प्रतीवरून पुन्हा सुरुवात केली आणि मी गप्प बसलो. विजेची गुणगुण काढली. सळसळ अर्धीच कमी केली. जाते पूर्ण ठेवले. खालचा दणका जिथे शब्दांवर चढत होता तिथे थोडा उतरवला, इतकेच. मोठेपणाचे एक मोजमाप त्याने दाखवले, एलयूएफएस म्हणतात. यूट्यूब उणे 14 च्या आसपासपेक्षा मोठे असलेले गाणे आपणहून खाली उतरवते, म्हणजे रेटून मोठे करण्यात काही कमाई नाही. मायची ओवी त्याच्याही खालीच राहू दिली. मध्ये एका जागी दादांचा खोकला आहे. “काढू का?” त्याने विचारले. दादा 2001 मध्ये गेले. मी मान हलवली, नाही म्हणून.

आक्का त्यासाठी परभणीला आली. हेडफोन नको म्हणाली, स्पीकरवरच लाव. डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता.

संपल्यावर तिने विचारले, “दुसऱ्या बाजूला?”

याच प्रश्नाची मला भीती होती. त्या पहाटे दोन्ही बाजू भरल्या होत्या. पण 1996 साली मला एका सभेत कपाशीवर बोलायचे होते आणि आकाशवाणी परभणीचा शेतीचा कार्यक्रम टिपून घ्यायला कोरी कॅसेट सापडेना. मी हीच लावली. रेकॉर्डिंगचे बटण दाबले की यंत्र आधीचे पुसते आणि मगच नवे लिहिते. मी पुतण्याला वेगळे काढून विचारलेही होते, की एखादे प्लग-इन खालचे वर आणील का. “खाली काही नसतंच, काका.”

आक्काला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “लाव तरी.”

लावली. बोंडअळी, फवारणीचे प्रमाण, पाण्याची मात्रा, सगळे झाले. कार्यक्रम संपला, खट असा आवाज आला, आणि फितीच्या शेवटाला जिथे मी बटण सोडले होते तिथून पुढे माय होती. चाळीस सेकंद. ओवीचा शेवटचा चरण, मग रिकामे जाते दोन-तीन वेळा फिरल्याचा आवाज, आणि सुपाने पीठ भरतानाची खरखर. पुतण्याने माऊसवरचा हात काढून घेतला. त्या तुकड्याला त्याने कुठलेच औजार लावलेले नाही.