तवंदी घाट आणि तापलेले ब्रेक
बेळगावहून निपाणीकडे येताना तवंदी घाटाचा उतार लागतो. पुढच्या ट्रकचा करपट वास आला, की शेजारी बसलेले बाबा म्हणतात, “गिअर खाली घे, ब्रेकला विश्रांती दे.” मला रेसिंगचं वेड, ट्रॅकवरच्या गाड्यांचं दुखणंही हेच, उष्णता. वेग दुप्पट झाला की थांबताना ब्रेकवर चौपट ऊर्जेचा भार येतो. म्हणून तिथे बंपरमधून पाइपने वारा डिस्कच्या मध्याशी नेतात. पोकळ डिस्क फिरताना तो पंख्यासारखा बाहेर फेकते. घरच्या गाडीला पाइप नको, पण ब्रेक ऑइल वेळेवर बदला. नवं ‘डॉट ४’ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. मग वाफ धरते आणि ऐन वळणावर पेडल पोकळ जातं. गणपतीला गाडी भरून गावी येण्याआधी एवढं तपासाच.