ओढ्यावरून डोहाकडे

शिमगा जवळ आला. मोखाड्याच्या वरच्या पाड्यांवरचे ओढे आटले, खडकांवर नुसती ओल उरली आहे. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासे वलगणीला, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध, चढले होते, ओढ्यातून थेट भातखाचरांत शिरले होते. तेव्हा बांधाच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावला की कालवणाची सोय व्हायची. आता मासेमारी खाली उतरली आहे, वाघ, पिंजाळ आणि वैतरणा या नद्यांच्या डोहांवर.

मला हेच दिवस जास्त आवडतात. जाळे फेकण्याआधी पाणी नीट बघावे लागते: कपार कुठे, सावली कुठे, तळाचा झरा कुठे जिवंत आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रांत रंगवलेले ते भलेमोठे जाळे मला इथे, काठावर बसल्यावर खरे उमगले. एकेका गाठीमागे केवढी चिकाटी!

डोहातले मासे म्हणजे पुढच्या वलगणीचे बियाणे. तरी कुणी त्यात विष कालवतो, कुणी सुरुंग लावतो. १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून दोन्हींना बंदी आहे. गड्यांनो, जाळे टाका, गळ टाका, पोटभर खा. डोहात विष तेवढे कालवू नका.